हाकेला ओ न देणारे लेकरू

मूल तीन वर्षांचे झालेले असते. चालते, धावते, जिन्यावर चढते-उतरते. पण नावाने हाक मारली तर वळून बघत नाही. आई कामावरून आली तरी इतर मुलांसारखे धावत येऊन बिलगत नाही. तहान लागली तर बोलत नाही, बोटही दाखवत नाही. आईचा हात धरून तिला माठापाशी नेते. खेळण्यातली गाडी उलटी करते आणि तिचे चाक तासभर फिरवत बसते. दारातल्या चपला एका ओळीत मांडते, आणि त्यातली एक कोणी पायात घातली की रडून आकांत करते. शेजारी कुकरची शिट्टी झाली की दोन्ही कानांवर हात दाबून किंचाळते.

अशा मुलाबद्दल चाळीत, वस्तीत काय बोलले जाते, ते तुम्हीही ऐकले असेल. "मुका आहे." "अर्धवट आहे." "लाडावून ठेवलाय." "आई दिवसभर कामाला, पोराशी बोलणार कोण?" "दोन ठेवून द्या, सरळ होईल." या निदानाला फी पडत नाही. पण त्याचा सल त्या माउलीला जन्मभर पुरतो.

भगिनींनो, आज या लेकराविषयी बोलायचे आहे. त्याच्या अवस्थेला डॉक्टर ऑटिझम म्हणतात. मराठीत तिला स्वमग्नता असा शब्द रूढ झाला आहे. २०२१ सालच्या आकडेवारीवरून जागतिक आरोग्य संघटना सांगते की जगात साधारण १२७ माणसांमागे एक माणूस असा आहे. म्हणजे हजार माणसांच्या वस्तीत सात-आठ जण. ते आपल्याला दिसत नाहीत, कारण कोणाला आपण मुका म्हणून सोडून देतो, कोणाला हट्टी म्हणून बडवतो, आणि मुलगी असेल तर 'स्वभावाने अबोल आहे हो' म्हणून कौतुकही करतो.

स्वमग्न हा शब्दही थोडा फसवा आहे. त्यावरून वाटते की हे मूल स्वतःतच बुडालेले आहे, त्याला बाहेरच्या जगाशी देणेघेणे नाही. पुष्कळदा गोष्ट उलटी असते. बाहेरचे जग त्याच्या अंगावर फार जोराने आदळत असते. आपले कान कुकरची शिट्टी, रस्त्यावरचा भोंगा, पंख्याची घरघर यातून नेमके हवे ते ऐकतात आणि बाकीचे सोडून देतात. या मुलाला ते सगळे एकदम, सारख्याच जोराने ऐकू येऊ शकते. नव्या सदऱ्याची मागची पट्टी मानेला काट्यासारखी टोचू शकते. अशा गोंगाटात चपलांची सरळ रांग हीच एक गोष्ट त्याच्या हातातली असते. तीही आपण मोडली तर ते रडणार नाही तर काय करणार?

कुळाच्या शेतावरचा मुलगा

या अवस्थेची डॉक्टरी पुस्तकात ठळक नोंद झाली ती १९४३ साली. अमेरिकेत बाल्टिमोर शहरातल्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात लिओ कॅनर नावाचे डॉक्टर होते. त्यांनी ११ मुलांची हकिगत लिहिली. आठ मुलगे आणि तीन मुली. त्यातला पहिला मुलगा डोनाल्ड ट्रिपलेट. तो मिसिसिपी राज्यातल्या फॉरेस्ट या छोट्या गावचा. जन्म १९३३ चा.

लहानपणी डोनाल्ड आई आली काय आणि गेली काय, लक्ष द्यायचा नाही. भांडी, झाकणे, जे मिळेल ते गरगर फिरवायचा. स्वतःविषयी बोलताना 'मी' न म्हणता 'तू' म्हणायचा. आपल्याकडेही अशी मुले पाणी हवे असले की "तुला पाणी पाहिजे?" असे म्हणतात. आई रोज तेच विचारते, मूल ते जसेच्या तसे परत देते. तो वेडेपणा नसतो, ती मागणी असते. आपल्याला ती ओळखता आली पाहिजे.

डोनाल्ड तीन वर्षांचा असताना डॉक्टरांच्या सल्ल्यावरून त्याला घरापासून दूर एका संस्थेत ठेवले गेले. तिथे तो आणखी मिटत गेला. वर्षभराने आईवडिलांनी त्याला परत घरी आणले. वडील वकील होते. त्यांनी आपल्या मुलाविषयी ३३ पानांचे पत्र कॅनरना लिहिले. त्या पत्रावरून आणि पुढच्या तपासण्यांवरून ऑटिझमच्या अभ्यासाला आरंभ झाला.

पण या गोष्टीतला मला सर्वांत मोलाचा वाटणारा भाग रुग्णालयात घडलेला नाही. १९४२ साली डोनाल्डला गावापासून दहा मैलांवर एका शेतकरी जोडप्याकडे राहायला पाठवले. हे जोडपे दुसऱ्याची जमीन कसणारे होते, आपण ज्यांना कूळ म्हणतो तसे. मानसशास्त्राचे नावही त्यांनी ऐकले नसेल.

डोनाल्डला मोजण्याचा नाद होता. तो मक्याच्या ओळी पुन्हा पुन्हा मोजत बसे. शेतकऱ्याने त्याला मारले नाही, की "हे काय खुळ्यासारखे" म्हणून हाताला धरून ओढले नाही. त्याने त्याच्या हाती नांगर दिला आणि सांगितले, नांगरता नांगरता ओळी मोज. त्याला मापे घेण्याचे वेड लागले, तेव्हा विहीर खणायला लावले आणि ती किती खोल गेली ते मापून सांगायचे काम दिले. तो मेलेले पक्षी आणि किडे गोळा करून आणू लागला, तेव्हा त्यांना पुरायला एक कोपरा नेमून दिला. तिथे डोनाल्डने प्रत्येकाच्या नावाची पाटी लावली आणि त्या पाखरा-किड्यांना आडनाव दिले ते त्या शेतकऱ्याचे! जवळच्या खेडेगावातल्या शाळेतही त्याचे वेगळेपण सांभाळून घेतले गेले. १९४५ साली कॅनर स्वतः त्या शेतावर गेले. घोडा जुंपून लांबच लांब तासे सरळ ओढणारा डोनाल्ड त्यांनी पाहिला. त्या अडाणी जोडप्याच्या शहाणपणाचे या मोठ्या डॉक्टरांना नवल वाटले, आणि तसे त्यांनी लिहूनही ठेवले.

पुढे डोनाल्ड १९५८ साली पदवीधर झाला. गावातल्या बँकेत खिडकीवर पैसे मोजू लागला. २७ व्या वर्षी मोटार चालवायला शिकला, गोल्फ खेळू लागला, एकटा देशोदेशी फिरून आला. ओळखीच्या माणसांना तो नावाऐवजी नंबर देई आणि लोक तो नंबर हौसेने मिरवत. २०२३ साली, ८९ वर्षांचा होऊन, आपल्याच गावात तो वारला.

आता कोणी म्हणेल, "ताई, त्याचे बरे होते. घरची बँक होती." खरे आहे. ती बँक त्याच्या आईच्या माहेरची. शिवाय तो गोरा होता. त्या काळी मिसिसिपीत काळ्या मुलांना वेगळ्या शाळेत बसवत. हेच मूल एखाद्या काळ्या मजुराच्या घरी जन्मले असते, तर ते कोणत्या डॉक्टरच्या वहीत आले असते का, हा प्रश्न आपल्यासारख्यांना सुचणारच. पण एवढे लक्षात घ्या की डोनाल्डच्या मनाला जागा करून दिली ती बँकेने नव्हे. ती दिली खंडाने शेती करणाऱ्या नवराबायकोने. त्यासाठी पैसा लागला नाही. हे मूल काय करते आहे, ते नीट बघावे लागले.

त्या ११ मुलांपैकी दुसरा एक, फ्रेडरिक, मोठेपणी एका कचेरीत कागदांच्या प्रती काढण्याच्या यंत्रावर काम करू लागला. त्याच्या साहेबाने तो अतिशय भरवशाचा आणि काटेकोर कामगार असल्याची ग्वाही दिली. आणि जी मुले मोठमोठ्या सरकारी इस्पितळांत कायमची ठेवली गेली, त्यांचे काय झाले? कॅनरनी १९७१ साली शोध घेतला, तेव्हा त्यांना दिसले की तिथे गेल्यावर मुलांमधली होती ती चमकही विझली होती. आजार सर्वांचा एकच मानला होता, पण नशिबे वेगळी निघाली. फरक मुलांच्या मेंदूत थोडा असेलही, पण भोवतालच्या माणसांत तो फार मोठा होता.

चित्रांतून विचार करणारी

वेगळे मन म्हणजे कमी मन, असे आपण धरून चालतो. अमेरिकेतल्याच टेम्पल ग्रँडिन या बाईंचे उदाहरण पाहा. त्या १९४७ साली जन्मल्या. चार वर्षांच्या होईपर्यंत त्या नीट बोलत नव्हत्या. आज त्या पशुविज्ञानाच्या नामवंत प्राध्यापक आहेत. त्या सांगतात की त्यांचा विचार शब्दांत चालत नाही, चित्रांत चालतो. गुरे एखाद्या अरुंद वाटेवर अडून का बसतात, हे इतरांना कळत नव्हते. ते आरडाओरडा करून गुरांना काठीने मारत. ग्रँडिनबाई स्वतः त्या वाटेत शिरल्या आणि गुराच्या उंचीवरून पाहू लागल्या. लोंबणारी साखळी, जमिनीवरची सावली, कुंपणावर टाकलेला पिवळा कोट. गुरे बुजत होती ती यांना! इतरांच्या नजरेतून सुटलेला बारकावा त्यांच्या नजरेला टोचला, कारण त्यांचे मन बारकाव्यांपासूनच सुरू होते. गुरे हाताळण्याच्या त्यांच्या पद्धती पुढे अमेरिकेत सर्वदूर पसरल्या.

समाजाला अशी मने हवी असतात. यंत्राच्या आवाजात किंचित फरक पडला तरी ओळखणारा, हिशेबातली एक चूक नजरेतून न सोडणारा, रोज तेच काम त्याच नेटाने करणारा, आणि तोंडदेखले बोलता न येणारा माणूस कोणत्याही कारखान्यात, कचेरीत मोलाचाच असतो.

पण इथे एका धोक्याची सूचना दिली पाहिजे. अशी उदाहरणे ऐकली की आईबाप आपल्या मुलात एखादी जादूची विद्या शोधू लागतात. गणित येते का? चित्र काढतो का? तारखेवरून वार सांगतो का? पुष्कळ स्वमग्न मुलांना यातले काही येत नाही. काही जन्मभर बोलत नाहीत. काहींना मोठेपणीही आंघोळीला, जेवायला मदत लागते. काहींना फिट्स येतात. ती आईबापांची परीक्षा असते, आणि ते गोड शब्दांनी झाकणे बरे नव्हे.

डोनाल्डचीच एक गोष्ट सांगते. त्याच्या गावात अशी दंतकथा होती की शाळेच्या भिंतीत विटा किती, असे मुलांनी विचारले आणि त्याने नुसते बघून आकडा सांगितला. सगळे थक्क झाले. पुष्कळ वर्षांनी दोन पत्रकारांनी म्हाताऱ्या डोनाल्डला त्याबद्दल विचारले. तेव्हा कळले की तो आकडा त्याने मनानेच ठोकून दिला होता. का? तर त्या मुलांनी आपल्याला चांगले म्हणावे म्हणून! ज्याला माणसांची ओढच नाही असे जग समजत होते, त्या मुलाला आपण चारचौघांत मानाने बसावे एवढेच हवे होते. आणि त्यासाठी आपल्याला काहीतरी चमत्कार करून दाखवावा लागणार, हेही तो उमजून होता.

आपल्या लेकरांवर ही पाळी येऊ नये. जन्मावरून माणसाचे मोल ठरवणे म्हणजे काय, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. मग बुद्धीच्या घडणीवरून ते ठरवण्याचा अधिकार आपल्याला कुठून आला? ज्याला काहीच विशेष येत नाही, त्या मुलाचाही ताटावर, शाळेवर आणि आपल्या मायेवर पूर्ण हक्क आहे.

आईला दोष देऊ नका

एकेकाळी मोठमोठे विद्वानही म्हणत की आईच्या थंडपणामुळे मूल असे होते. खुद्द कॅनरच्या लिखाणातही तो सूर होता. १९६४ साली बर्नार्ड रिमलंड या मानसशास्त्रज्ञाने, जो स्वतः अशा मुलाचा बाप होता, पुस्तक लिहून ही कल्पना खोडून काढली. १९६९ साली पालकांच्या सभेत कॅनरनीही आईबापांना या आरोपातून जाहीरपणे मुक्त केले. आज आपल्याला ठाऊक आहे की या अवस्थेचे मूळ मुख्यतः आनुवंशिक घडणीत आणि जन्माआधीपासून होणाऱ्या मेंदूच्या वाढीत असते. आई कामाला गेली म्हणून, ग्रहण पाळले नाही म्हणून किंवा कोणाची नजर लागली म्हणून ऑटिझम होत नाही.

लस टोचल्यानेही होत नाही. १९९८ साली इंग्लंडमध्ये तसा एक लेख छापून आला होता. तो खोटा ठरला आणि २०१० साली त्या मासिकाने तो मागे घेतला. तेव्हा या भीतीने गोवराची लस चुकवू नका.

अंगारे-धुपारे आपल्या घरांतून गेले, असे आपण अभिमानाने म्हणतो. पण असे मूल घरात आले की एखादी आत्या, एखादी शेजारीण हळूच कानाशी लागतेच, "एकदा दाखवून तर बघ, काय जाते?" पैसा जातो, आणि त्याहून वाईट म्हणजे मुलाची शिकण्याची वर्षे जातात. भगताचा नवा अवतार पांढऱ्या कोटातही भेटतो. 'स्टेम सेल'ने मूल बरे करतो असे सांगून लाखो रुपये घेणारे आहेत. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या समितीने २०२२ सालीच ऑटिझमसाठी हा उपचार करू नये असे सांगितले आहे. दागिने मोडण्याआधी, कर्ज काढण्याआधी हे आठवा. ऑटिझम पुसून टाकणारे औषध नाही. पण लवकर ओळखून नीट शिकवले तर मूल खूप शिकते.

काय करावे?

वर्षाचे मूल नावाला ओ देत नसेल, दीड वर्षाचे होऊनही बोटाने काही दाखवत नसेल, किंवा बोलत होते ते शब्द गेले असतील, तर "बाप पण उशिरा बोलला होता" म्हणून थांबू नका. आधी कान तपासून घ्या. अंगणवाडीताईंना विचारा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली सुरू झाला. त्याचे पथक अंगणवाडीत आणि सरकारी शाळेत येऊन जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची मोफत तपासणी करते आणि गरज असेल त्याला जिल्हा पातळीवरच्या केंद्रात पाठवते.

आपल्या १९९५ च्या अपंग कायद्यात ऑटिझमचे नावही नव्हते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत ते आले. सरकारी रुग्णालयातून दाखला काढा. ४० टक्के किंवा अधिक अपंगत्वाचा दाखला असलेल्या मुलाला ६ ते १८ वर्षांपर्यंत जवळच्या शाळेत किंवा विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. "असली मुले आम्ही घेत नाही" असे कोणी म्हणाले तर ते लेखी मागा. सरकारी नोकऱ्यांत दिव्यांगांना ठेवलेल्या ४ टक्क्यांपैकी १ टक्का ज्या गटासाठी आहे, त्यात स्वमग्न व्यक्ती येतात. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली 'निरामय' ही वर्षाला एक लाख रुपयांपर्यंतची आरोग्य विमा योजना आहे. "आमच्यामागे याचे कोण?" ही चिंता प्रत्येक आईला जाळते. याच कायद्याने मूल १८ वर्षांचे झाल्यावर त्याला कायदेशीर पालक नेमून घेता येतो.

आणि घरात? बोलणे थोडके आणि सरळ ठेवा. उठणे, आंघोळ, न्याहारी, शाळा यांची चार चित्रे काढून भिंतीवर ओळीने लावा. पुढे काय होणार हे कळले की मुलाची भीती कमी होते. बाहेर जायचे असेल तर आधी सांगा. हात हलवत असेल, डुलत असेल आणि त्याने कोणाला इजा होत नसेल, तर हलवू द्या. चपला रांगेत लावणाऱ्याला जेवणाची ताटे मांडायला द्या, मोजणाऱ्याला कांदे-बटाटे मोजायला द्या. त्या शेतकऱ्याने नांगर दिला, तसे काहीतरी तुमच्याही घरात सापडेल. एक विनंती मात्र हात जोडून करते. या भावाला सांभाळायला म्हणून थोरल्या मुलीची शाळा सोडवू नका. आणि बापांनो, हे काम एकट्या आईचे नाही. संध्याकाळचा एक तास तुमचा असू द्या.

शेवटचे शेजाऱ्यांसाठी. विहारात वंदना चालू असताना एखादे मूल उठून फेऱ्या मारू लागले, तर आईकडे डोळे वटारून बघू नका. मागे, दाराजवळ त्याला फिरायला जागा ठेवा. जयंतीच्या मिरवणुकीत ज्या घरात असे मूल आहे, त्या दारासमोर कर्णे दहा मिनिटे खाली करा. लग्नाच्या पंगतीत त्याला गर्दीआधी जेवू घाला. आणि त्याच्या आईला "अजून बोलत नाही का गं?" असे विचारण्याऐवजी एखाद्या दुपारी म्हणा, "जा, तू जरा पड. मी बसते याच्यापाशी." मग खरोखरच बसा, आणि ते चाक फिरवत असेल तर तुम्हीही थोडा वेळ त्या चाकाकडे बघा.